इ. स. १२९६ : मिठाची पोती आणि कड्याचे अहवाल

दिल्लीत हिंदूराव म्हटले की इस्पितळ आठवते. हे हिंदूराव म्हणजे कागलचे घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे बंधू. ब्रिटिश अधिकारी विल्यम फ्रेझर याचा १८३५ मध्ये खून झाल्यावर रिजवरची त्याची कोठी त्यांच्याकडे आली. जवळच फिरोजशहा तुघलकाच्या शिकारमहालाचे अवशेष आहेत. दिल्लीतल्या मराठी माणसाला हे नाव आपले वाटते खरे. पण दिल्ली आणि महाराष्ट्र यांच्यातला हिशेब त्याच्याही साडेपाच शतके आधी, इ. स. १२९६ मध्ये उघडला गेला.

आपल्याकडील काही जुन्या पुस्तकांत देवगिरीवरील स्वारीचे साल १२९४ छापलेले आढळते. ते फरिश्त्यावरून आलेले आहे. समकालीन अमीर खुस्रो हिजरी ६९५ देतो, आणि तेच ग्राह्य धरले पाहिजे. कडा प्रांताचा सुभेदार अलाउद्दीन २६ फेब्रुवारी १२९६ रोजी निघाला आणि ३ जून रोजी परतला. चंदेरी, अचलपूर हा मार्ग, सुमारे आठ हजार स्वार, आणि काकांवर रुसून दक्षिणेत नोकरी शोधायला निघालो आहोत अशी वाटेत पसरवलेली बतावणी.

देवगिरीच्या पराभवाचे खापर हेमाद्रीच्या व्रतवैकल्यांवर फोडण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मला ती पटत नाही. युवराज शंकरदेव सैन्यासह बाहेर असताना शत्रू राजधानीजवळ येईपर्यंत वार्ता पोहोचली नाही, हे हेरखात्याचे अपयश. दुसरे अपयश कोठाराचे. फरिश्ता लिहितो की वेढा पडताच घाईघाईने किल्ल्यात घेतलेली कोकणच्या व्यापाऱ्यांची पोती धान्याची समजली गेली आणि ऐन वेळी उघडली तेव्हा त्यांत मीठ निघाले. फरिश्ता तीनशे वर्षांनंतरचा; त्याने दिलेले सहाशे मण सोन्याचे आकडेही मी जपूनच वाचतो, कारण मण कोणता ते कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. परंतु साठ्याची प्रत्यक्ष पडताळणी न करता नोंदवहीवर विसंबणारी कार्यालये ज्याने पाहिली आहेत, त्याला ही गोष्ट अशक्य वाटणार नाही.

दिल्लीचा कारभार याहून शहाणा होता असे नाही. अलाउद्दीनच्या गैरहजेरीत कड्याचा कारभार पाहणारा अलाउल्मुल्क सुलतान जलालुद्दीनला दिलासा देणारे संदिग्ध अहवाल पाठवीत राहिला. हे सांगणारा इतिहासकार जियाउद्दीन बरनी त्याचा सख्खा पुतण्या आहे, म्हणून त्यास वजन. (त्याच वर्षी चीनचा दूत झोउ दागुआन कंबोडियात अंगकोरला पोहोचला, त्याने पाहिले ते लिहिले, आणि आज अंगकोरच्या अभ्यासकांना त्याचाच मोठा आधार आहे.) जुलैमध्ये वृद्ध सुलतान पुतण्याला भेटायला कड्यास गेला आणि गंगेच्या काठी मारला गेला. पुढे अलाउल्मुल्क दिल्लीचा कोतवाल झाला.

अलाउद्दीन दिल्लीकडे निघाला तो सोने उधळीत. बरनी म्हणतो की मुक्कामोमुक्कामी तंबूपुढे गोफणयंत्राने सोन्याचे तारे फेकले जात. ऑक्टोबरात तो दिल्लीत शिरला. पुढे त्याने गव्हाचा भाव मणास साडेसात जीतल असा बांधून दिला. बरनी याचे कारण मोठी फौज थोड्या पगारात पोसणे हे देतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र त्यामागे देवगिरीच्या सोन्याचाही हात असावा असे वाटते. बाजारात माल तेवढाच आणि नाणे एकाएकी वाढलेले, मग भाव चढणारच.

देवगिरीपासून फार लांब नसलेल्या नेवाशाला १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली होती. तिच्या शेवटी न्यायाने राज्य करणारा राजा म्हणून रामचंद्र यादवाचे नाव आहे. त्या राजाने खंडणी कबूल केली त्याच वर्षी, कार्तिक वद्य त्रयोदशीस, शके १२१८, ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. दिल्लीच्या तवारिखांना आळंदी ठाऊक नाही. महिन्याभरात, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस, सासवडला सोपानदेव गेले. मुक्ताबाई आणि निवृत्तिनाथ पुढच्या वर्षी.