धाब्यापासून सतराव्या मजल्यापर्यंत

खान्देशी माणसाला उंचीचं वावडं आहे, असा एक समज आहे. आणि तो बराचसा खराही आहे. निसर्गानंच आमची सोय आडवी करून ठेवली. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधून तापी, आणि या दोन भिंतींच्या मधे उरतो तो एक तवा. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला की त्या तव्यावर आम्ही भाजले जातो. आता तव्यावर भाकरी आडवीच पडायची. ती उभी कशी राहणार?

घरंही तशीच. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं, लाकडांवर काटक्या, आणि त्यावर माती चोपून केलेलं सपाट छप्पर, म्हणजे धाबं. धाबं दिवसा ऊन अडवायचं आणि रात्री अंथरूण अंगावर घ्यायचं. साऱ्या गल्लीची धाबी एकाच उंचीची, त्यामुळे पहिल्या घरात निघालेली गोष्ट झोपण्यापूर्वी सातव्या घरापर्यंत पोचायची, तीही वाढून. मराठीत नियम 'धाब्यावर बसवतात'. आमच्याकडे मुळात माणसंच धाब्यावर बसत; नियमांची पाळी पुढे, अपार्टमेंटं आल्यावर आली.

पण म्हणून खान्देशात उंच काही झालंच नाही, असं कुणी म्हणेल तर ते मी ऐकून घेणार नाही. माझा एक सिद्धान्त आहे. गावात सगळ्यात उंच काय आहे ते पाहावं, म्हणजे ते गाव कुणाचं ऐकतं हे कळतं. आम्हाला बी.कॉम.ला इतिहास नव्हता, त्यामुळे हा सिद्धान्त अजून कुणी खोडलेला नाही.

जुन्या काळी गाव देवाचं आणि राजाचं ऐकायचं. म्हणून उंच काय, तर देवळाचं शिखर, मशिदीचे मिनार, नाहीतर धुळ्याजवळच्या लळिंगसारखा किल्ला. यातला अस्सल खान्देशी नमुना म्हणजे एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याचे झुलते मनोरे. दोन मनोरे, आणि गंमत अशी, की एक हलवला की दुसरा आपोआप हलायचा. पुढे त्यांतला एक ढासळला. पण ही 'एक हलला की दुसरा हलतो' गोष्ट लक्षात ठेवा. खान्देशचा पुढचा सारा इतिहास तिच्यात आहे.

१८१८ साली खान्देश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन ब्रिग्ज नावाच्या साहेबानं धुळ्याला मुख्य ठाणं केलं आणि गाव आखून वसवायला घेतलं. धुळेकरांना आखणी अशी अंगवळणी पडली, की त्यांच्या गल्ल्यांना आजही नंबर आहेत. कुणाकडे जायचं तर गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. ज्या गावात पत्ता आकड्यात सांगता येतो, त्या गावाला खुणेसाठी उंच इमारत लागत नाही, असं धुळ्याचे लोक म्हणतात. जळगावच्या लोकांना हे पटत नाही, पण त्याला कारण आहे. ते पुढे येईल.

जळगाव त्या वेळी कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. त्याचं नशीब हललं ते मँचेस्टरमुळे. आता जळगावच्या कपाशीचं आणि त्या इंग्रजी शहराचं काय नातं? तर १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि गिरण्यांच्या गावाची नजर आमच्या काळ्या मातीवर आली. त्याच सुमाराला रेल्वेही आली. खान्देशच्या कपाशीला सोन्याचा भाव आला, आणि जळगाव बघता बघता कापसाची पेठ झालं. १८६५ मध्ये युद्ध संपलं, तसे भावही धाडकन खाली आले. हजारो मैलांवरचा मनोरा हलला, म्हणून इकडचा हलला. कापूस पिकवणाऱ्याला मँचेस्टर कुठल्या दिशेला आहे हे ठाऊक नव्हतं. पण तिथल्या वाऱ्यानं आपलं छप्पर उडतं, हे कळलं.

मग आमच्याकडेही गिरण्या आल्या. १८७० च्या दशकात जळगावला खान्देश मिल निघाली. पुढे अमळनेर आणि धुळ्याला प्रताप शेठजींच्या गिरण्या झाल्या. गावोगावी जिन-प्रेस उभे राहिले. आणि गावाच्या डोक्यावर नवा मालक दिसू लागला : चिमणी. नाव एवढ्याशा पाखराचं आणि उंची देवळाच्या शिखरापेक्षा जास्त! गाव आता तिचं ऐकू लागलं, म्हणजे शब्दशः ऐकू लागलं. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की डबा घेऊन निघायचं. ज्यांचा गिरणीशी काडीचा संबंध नव्हता, त्यांच्या घरचा कुकरही भोंग्यावर उतरायचा.

१९०६ मध्ये खान्देशची वाटणी झाली. पूर्व खान्देशचं ठाणं जळगाव, पश्चिमचं धुळे. सख्ख्या भावांची वाटणी झाली, की दोघं एकमेकांच्या भिंतीची उंची मोजू लागतात. तसंच झालं.

तिकडे मँचेस्टरला काय चाललं होतं? चिमण्यांच्या त्या जंगलात तिथल्या नगरपालिकेनं १८७७ साली आपलं टाउन हॉल बांधलं. घड्याळाचा मनोरा दोनशे ऐंशी फूट! गिरणीमालक कितीही मोठा असो, गावात उंच कोण, तर नगरपालिका. हा मान तिनं पंचाऐंशी वर्षं टिकवला. १९६२ मध्ये तो हिरावून घेतला सहकारी विमा सोसायटीच्या पंचवीस मजली इमारतीनं. म्हणजे तिकडेही शेवटी सहकारच वर चढला! २००६ साली बीटहॅम टॉवर आला. त्याच्या टोकाशी काचेचं एक पातं आहे. जोराचा वारा सुटला की ते गुणगुणतं, आणि खाली लोकांची झोप उडते. आमचा मनोरा नुसता झुलायचा, त्यांचा गातो. आता तर तिथे दोनशे मीटर उंचीचीही इमारत आहे आणि तिच्यात माणसं राहतात. म्हणजे आता ते शहर घर घेऊ शकणाऱ्याचं ऐकतं.

इकडे चिमण्या थंडावल्या. खान्देश मिल बंद पडली आणि तिच्या जागेवर बाजारसंकुल झालं. भोंगा गेला. मधल्या काळात गावात उंच म्हणावी तर पाण्याची टाकी. गाव तिचंही ऐकायचं. नळाला सूं असा आवाज आला की सगळी आळी जागी.

आणि मग जळगावच्या नगरपालिकेनं मँचेस्टरचा कित्ता गिरवला. नगरपालिकाच बरं का, महानगरपालिका ती २००३ साली झाली. त्याआधीच तिनं सतरा मजल्यांची कचेरी बांधून टाकली. नाव सरदार वल्लभभाई पटेल टॉवर. पण गावात नुसतं 'सतरा मजली' म्हटलं तरी रिक्षावाला बरोबर नेतो. खेड्यावरून आलेला म्हातारा खाली उभा राहून मान मागे टाकतो, टोपी सावरतो आणि विचारतो, "वर जाईसन काय करतस भो?" या प्रश्नाचं उत्तर अर्थसंकल्पात सापडत नाही.

मी बँकेत आकड्यांशी जगणारा माणूस. इमारत दिसली की मला आधी तिची नावे बाजू दिसते. त्याच काळात पालिकेनं घरकुलं आणि इतर योजनांसाठी हुडकोकडून भलंमोठं कर्ज काढलं. ते फेडता फेडता पुढच्या महापालिकेच्या नाकी नऊ आले. घरकुलांपैकी बरीच अपुरी राहिली. त्याचा खटला चालला तो कुठे? धुळ्याला! २०१९ साली तिथल्या विशेष न्यायालयानं निकाल दिला आणि प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेलं. कोर्टाचं काम कोर्ट जाणे. मला एवढंच दिसतं, की जळगावच्या उंचीचा हिशेब तपासायला वही गल्ली नंबरांच्या गावी न्यावी लागली. एक मनोरा हलला, दुसऱ्यात निकाल लागला.

सतरा मजल्यांना मी नावं ठेवत नाही. गावाची छाती त्यानं फुगली, आणि ती माझीही फुगली. गाडी जळगावात शिरताना ती इमारत दिसली की अजूनही मी शेजारच्या प्रवाशाला बोट करून दाखवतो. पण माझा सिद्धान्त मला गप्प बसू देत नाही. देवळाचं शिखर उंच होतं, कारण खाली गाभारा होता. चिमणी उंच होती, कारण खाली हजारो हातांना काम होतं. टाकी उंच असते, कारण पाणी खाली घरापर्यंत उतरायचं असतं. कचेरीची उंचीही त्याच मापानं मोजायला हवी. वरून खाली काय उतरतं?

ज्याला घरकुल मिळायचं होतं, त्याचं मागणं काही सतरा मजल्यांचं नव्हतं. एकच मजला हवा होता. वर जमलं तर धाबं, म्हणजे उन्हाळ्यात चार अंथरुणं पडली असती.