काळी पडणारी पट्टी

गोंदिया जिल्ह्यांत पाण्याची वाण नाहीं. कोहळी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले तलाव, नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय, वैनगंगेचें पात्र हें सारें पाहून परक्यास हा मुलूख भाग्यवान् वाटतो. परंतु पाणी असणें निराळें व तें पिण्याजोगें असणें निराळें. पहिल्या पावसाबरोबर विहिरींत जें उतरतें तें डोळ्यांस दिसत नाहीं. आणि पाणी गाळून घेण्याचा आमच्या आज्यांचा नियम गाळापुरता ठीक, विषमज्वराच्या जंतूंपुढें तो थिटाच.

अशा पाण्याची परीक्षा करावयाची तर नमुना थंड ठेवून शहरच्या प्रयोगशाळेंत न्यावा लागे, व निकाल हातीं येण्यास दोन ते चार दिवस लागत. तोंवर गांव तेंच पाणी पीत असे. ही अडचण ओळखून ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेंतील मंजा, मौर्य व राव या शास्त्रज्ञांनीं १९८२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत एक सोपी रीत प्रसिद्ध केली. शिंद्यांचें ग्वाल्हेर आम्हां मराठी वाचकांस तानसेनाच्या समाधीमुळें व तेथील गायकीमुळें ठाऊक. या कागदाच्या तुकड्यामुळेंही तें ठाऊक असावें.

रीतीचें मूळ जुनेंच आहे. कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाईड वायु शिशाच्या ॲसिटेटांत भिजविलेल्या कागदास काळा करतो, हें रसायनशाळेंत एक वर्ष काढलेला विद्यार्थीही जाणतो. नाकापेक्षां हा कागद विश्वासू. कारण वायु फार झाला म्हणजे घ्राणेंद्रिय बधिर होतें आणि मनुष्य धोका टळला असें समजतो. ग्वाल्हेरकरांनीं शिशाऐवजीं लोहाचा क्षार घेतला. पेप्टोन, थायोसल्फेट व फेरिक अमोनियम सायट्रेट यांच्या द्रावणांत भिजवून वाळविलेला कागद निर्जंतुक बाटलींत ठेवावयाचा व त्यावर २० मिलिलिटर पाणी ओतावयाचें. ३० ते ३७ अंश उष्णतेंत १२ ते १८ तास गेले, आणि पाण्यांत विष्ठेबरोबर येणारे कांहीं जंतु असले, तर ते थायोसल्फेटापासून तो वायु निर्माण करतात; वायूचा लोहाशीं संयोग होऊन पाणी काळें होतें. आमच्याकडील उन्हाळ्यापावसाळ्यांत इतकी ऊब घरांतल्या फळीवरही मिळते, त्यामुळें यंत्राची गरज बहुधा पडत नाहीं.

मात्र ही परीक्षा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. कांहीं खोल विहिरींच्या पाण्यांत मुळांतच गंधकाचा वायु असतो; तेथें बाटली विष्ठेवांचूनही काळी होते. अशा वेळीं काळेपणा बहुधा लगेच येतो, एवढी खूण ध्यानांत ठेवावी. उलट बाटली स्वच्छ राहिली म्हणून कावीळ पसरविणारे सूक्ष्म विषाणु पाण्यांत नाहींत, असेंही म्हणतां येत नाहीं. २००२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं या रीतीची छाननी झाली, तींत अशा उणीवा स्पष्ट मांडल्या गेल्या. तरीही आमचें मत या बाटलीच्या बाजूचें आहे. प्रयोगशाळेचा कागद ग्रामसभेंत वाचून दाखविला तर लोक माना डोलावतात. आपल्याच विहिरीचें पाणी रात्रींतून शाईसारखें झालेलें पाहिलें म्हणजे विहिरीच्या कठड्याची व शेजारच्या उकिरड्याची गोष्ट आपोआप निघते.

काळी झालेली बाटली मात्र तशीच नाल्यांत ओतूं नये. तींत जंतूंची पैदास झालेली असते. ती उकळून अथवा जंतुनाशक घालूनच रिकामी करावी.