बर्न केले की काळे का होते?

फोटोशॉपमध्ये डॉज आणि बर्न ही टूल्स एकाच घरात राहतात. डॉजचे चिन्ह म्हणजे काडीवर बसवलेली चकती, बर्नचे चिन्ह म्हणजे बोटे वळवून मधे भोक ठेवलेला हात. डॉज सावलीतल्या चेहऱ्यावरून फिरवले की तेवढा चेहरा उजळतो. बर्न आभाळावरून फिरवले की तेवढे आभाळ गडद होते. उरलेल्या फोटोला धक्का लागत नाही. शिकणारी मुले इथे हमखास अडतात. उजळण्याला ‘डॉज’, म्हणजे ‘चुकवणे’, का म्हणायचे? आणि लग्नाच्या फोटोत प्रकाश जास्त होऊन शालूची जर पांढरीफटक पडली की आपण ‘जळली’ म्हणतो, मग बर्नने, म्हणजे जाळण्याने, काळे कसे होते?

उत्तर डार्करूममध्ये आहे. तिथे एन्लार्जरमधून निगेटिव्हची प्रतिमा कागदावर पडते आणि कागदाला जितका प्रकाश लागेल तितका तो, डेव्हलपर या रसायनात घातल्यावर, काळा होतो. त्या जगात प्रकाशाचे काम काळे करणे हे आहे. चेहरा फार काळवंडू नये म्हणून छपाई करणारा तारेला पुठ्ठ्याची चकती लावून ती प्रकाशाच्या वाटेत काही सेकंद धरी. ती स्थिर ठेवली तर कडा उमटते, म्हणून हात सतत हलता लागे. इंग्रजीतला ‘डॉज’ सोळाव्या शतकापासून आढळतो आणि त्याच्या जुन्या अर्थांत इकडून तिकडे सरकत राहणे, एका जागी न ठरणे हे येते. आपल्या ‘हुलकावणी’च्या जवळचा हा शब्द आहे. चकती प्रकाशाला हुलकावणी देते, आणि हलत राहूनच देते. क्रियापद त्या हाताच्या हालचालीवर नेमके बसले आहे.

बर्नचे गणित उलटे. आभाळ निगेटिव्हवर दाट असते, त्यातून प्रकाश कमी झिरपतो आणि कागद कोरा राहतो. मग दोन्ही हातांनी, नाहीतर भोक पाडलेल्या पुठ्ठ्याने, बाकीचा कागद झाकून फक्त आभाळाला जादा सेकंद द्यायचे. प्रकाशाने कागद भाजून काढायचा, म्हणून बर्न. न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचे अँसेल अॅडम्सचे 1941 मधले छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्याच्या निगेटिव्हवर आभाळात फिकट ढग आहेत. अॅडम्सने छापताना ते आभाळ बर्न करून गडद केले, आणि पुढच्या वर्षांतल्या प्रतींत आणखी काळे केले. आज आपण ज्याला एडिटिंग म्हणतो ते हेच काम.

‘जळलेली’ जर पांढरी का, तेही इथेच सुटते. कॅमेऱ्यात प्रकाशाचा अतिरेक झाला की चित्रात पांढरे उरते. छपाईच्या कागदावर झाला की काळे. जाळणारा प्रकाश एकच, जळणारी जागा वेगळी.

ही नावे संगणकात आली कशी? फोटोशॉप 1990 मध्ये बाजारात आले. ते लिहिणारे थॉमस आणि जॉन नोल हे भाऊ. त्यांच्या वडिलांची घरी डार्करूम होती आणि थॉमस छपाई तिथेच शिकला. त्यामुळे टूल्सना नावे देताना कारागिरांचे शब्द जसेच्या तसे आले, चिन्हांत त्यांची चकती आणि हातही आले.

फोटोशॉपमधल्याच ‘मास्क’ या नावाचा प्रवास आणखी लांबचा. इंग्रजीत तो फ्रेंच ‘मास्क’ आणि इटालियन ‘मास्केरा’ या वाटेने आला. त्यामागे काही अभ्यासक मध्ययुगीन लॅटिनमधला, चेटकीण या अर्थाचा ‘मास्का’ पाहतात, तर काही अरबी ‘मस्खरा’, म्हणजे विदूषक. दुसरे मत खरे असेल तर मास्क आपल्या ‘मस्करी’चा नातलग ठरतो, कारण मस्करी त्याच ‘मस्खरा’वरून फारसीमार्गे मराठीत आली आहे. फोटोशॉपच्या मास्कमध्ये काळे भरले की त्या लेयरचा तेवढा भाग झाकला जातो, पांढरे भरले की दिसतो. खंडोबाचा मुखवटा देव दिसावा म्हणून चढवतात. हा मास्कही दाखवण्याच्या बाजूने तितकाच उपयोगी आहे.

क्विक मास्क सुरू केल्यावर पसरणारा लाल पडदाही छापखान्यातला आहे. ऑफसेटच्या कामात झाकायचा भाग रुबीलिथ नावाच्या लाल फिल्मने झाकत. लिथो फिल्मला लाल प्रकाश कळत नाही, म्हणून तिच्या लेखी तो भाग काळाच. कारागिराला मात्र लाल फिल्मआडून खालचे काम दिसत राही.

निवड करण्याचे लासो टूल आले गुराख्यांकडून. स्पॅनिश ‘लाझो’चे मूळ लॅटिन ‘लाक्वेउस’, म्हणजे फास. बुटाची लेस, साडीची लेस ही त्याच घराण्यातली.

मराठीने या साऱ्या कलेला ‘छायाचित्र’ हे नाव दिले. ‘फोटोग्राफी’ या शब्दात प्रकाश असताना मराठीत छाया कशी, असा आक्षेप काही जण घेतात आणि ‘प्रकाशचित्र’ सुचवतात. मला तो आक्षेप मान्य नाही. जॉन हर्शेलने ‘फोटोग्राफी’ हा शब्द 1839 मध्ये रूढ केला, पण त्याच वर्षी हेन्री फॉक्स टॅलबॉटने आपली छायाचित्रणाची पद्धत निबंधातून मांडली तेव्हा त्यातल्या एका भागाचे शीर्षक सावली पक्की करण्याच्या कलेविषयीच होते. डॉजमध्ये तर चेहरा उजळतो तो चकतीच्या सावलीने. शिवाय संस्कृतात ‘छाया’ म्हणजे नुसती सावली नव्हे. कांती हाही तिचा अर्थ आहे.

फोटोशॉप शिकवणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. शॉर्टकट सांगण्याआधी या शब्दांमागचे हातकाम सांगा. चकती हलती का ठेवत हे कळलेला विद्यार्थी ब्रशची कडा मऊ का ठेवायची ते पुन्हा विचारणार नाही.