गल्ला, कोठार आणि कारकून

इतिहास म्हटला की आपल्याला सुलतान, सरदार आणि लढाया आठवतात. दुकानाच्या गल्ल्यावर बसून पैसे घेणारा आणि मधेच उठून कोठारातली पोती मोजणारा माणूस कोणत्याही बखरीत सापडत नाही. पण बाजारगावे चालली ती त्याच्या जिवावर.

आमच्या नागपूर जिल्ह्यातले उमरेड असेच बाजारगाव. रेशीमकाठी धोतरे विणणाऱ्या कोष्ट्यांमुळे त्याचे नाव झाले. 1867 साली येथे नगरपालिका आली, 1908 मध्ये नागपूर-नागभीड नॅरोगेज आली. (ही छोटी गाडी 2019 मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली.) पुढे मिरचीचा बाजार आणि कोळशाची खाण यांनी गावाला नवी ओळख दिली. अशा गावांतल्या मोठ्या पेढीवर रोकड सांभाळणारा मुनीम वेगळा आणि कोठारावरचा माणूस वेगळा असे. लहान दुकानाला दोन पगार परवडत नसत. तेथे दोन्ही कामे एकाच्याच गळ्यात पडत. आजही पडतात, फक्त मुनीमजींचा 'कॅशियर' झाला आहे.

या माणसाची भाषा पाहण्यासारखी आहे. दुकान, माल, जमा, खर्च, बाकी, हिशेब, नफा, रोजकीर्द, कारकून हे सारे शब्द अरबी-फारसीतून आले. शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी बाजाराने आपले शब्द सोडले नाहीत. 'गल्ला' म्हणजे मुळात धान्य. मराठीत ती पैशांची पेटी झाली. कोठार आणि रोकड एकाच शब्दात आली! मुसलमानांची मराठी कोणती, असे विचारणाऱ्याला आम्ही कोणत्याही किराणा दुकानाची वही दाखवू. ती वही हिंदू दुकानदाराची असो की मुसलमानाची, शब्द तेच आहेत.

मात्र या इतिहासाला संशयाची किनार आहे. अमेरिकेतील डेटन शहरात जेम्स रिटी या गुत्तेवाल्याने 1879 मध्ये गल्ल्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, ते नोकर पैसे काढतात या शंकेपोटी. 1974 मध्ये ओहायोतल्याच एका दुकानात च्युइंगगमच्या पाकिटावरचा बारकोड प्रथम वाचला गेला आणि मालाची मोजदादही यंत्राकडे गेली. हिशेबशास्त्राचा जुना नियम सांगतो की माल सांभाळणारा, पैसे घेणारा आणि नोंद करणारा वेगवेगळे असावेत. हा नियम मालकाइतकाच नोकराचेही रक्षण करतो. तिन्ही कामे एकाकडे असली की तूट कुठे आली हे सिद्ध करता येत नाही. उंदराने कुरतडलेले पोते, घाईत चुकलेली मोड, मालकाच्या मुलाने न लिहिता उचललेली वस्तू, सगळे त्याच एका माणसाच्या नावावर चढते.

कुरआनातली सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकरातली 282वी, नेमकी हिशेबाविषयी आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, अशी तिची आज्ञा आहे. लिहिणाऱ्याला आणि साक्षीदाराला त्रास पोहोचू नये, असेही ती बजावते. प्रवचनांत आपण पहिली आज्ञा वारंवार ऐकतो. दुसरी आज्ञा कारकुनाच्या बाजूची आहे. तिची आठवण मालकांनी ठेवायची आहे.

देशाचा कायदाही हेच सांगतो. 1936 चा वेतन प्रदान कायदा मुळात कारखाने आणि रेल्वेसाठी होता. सोपवलेला माल किंवा रोकड नोकराच्या थेट हलगर्जीपणामुळे गेली असेल तरच पगारातून कपात करावी, ती नुकसानीपेक्षा जास्त नसावी आणि आधी त्याचे म्हणणे ऐकावे, असे त्यात होते. 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिने हे तत्त्व कायम ठेवले आणि ती दुकानांनाही लागू आहे. तरीही महिनाअखेरीस 'तूट' म्हणून गुपचूप पैसे कापणारे मालक आहेत, आणि त्यांत पाच वेळा नमाज पढणारेही आहेत, हे आम्हांला खेदाने नमूद करावे लागते.

उपाय खर्चिक नाही. रात्री दुकान वाढवताना मालक आणि कारकून दोघांनी मिळून रोकड मोजावी, आठवड्यातून एकदा माल मोजावा आणि वहीवर दोघांनी सही करावी. एका सहीच्या वहीत फक्त आरोप लिहिला जातो. दोन सह्यांच्या वहीत हिशेब असतो.