सुई-दोऱ्याने दिलेली साक्ष

आज एका शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट सांगते. नाव एस्थर निसेन्थल क्रिनित्झ. जन्म 1927 चा, पोलंड देशातल्या म्नीशेक नावाच्या खेड्यातला.

हिटलरचं नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. त्याच्या राजवटीने युरोपातल्या सुमारे 60 लाख ज्यू लोकांना मारलं, अगदी तान्ह्या लेकरांसकट. आकडा एवढा मोठा की डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. म्हणून एकाच घराकडे बघू.

1939 च्या सप्टेंबरात जर्मन सैनिक एस्थरच्या गावात आले. त्यांनी तिच्या आजोबांची दाढी कापली. धार्मिक ज्यू माणसाला दाढी म्हणजे त्याच्या धर्माची खूण, तेव्हा हा केवढा अपमान! पुढे 15 ऑक्टोबर 1942 च्या सकाळी हुकमाप्रमाणे सगळ्या ज्यूंना घरं सोडून क्राश्निक स्टेशनच्या रस्त्याला लागावं लागलं. एस्थर 15 वर्षांची होती. तिने ठरवलं, मी जाणार नाही. धाकट्या मानियाला घेऊन ती वेगळ्या वाटेने निघाली. आईवडील, भाऊ आणि दोघी लहान बहिणी स्टेशनकडे गेल्या, त्या कायमच्याच.

या दोघींनी नावं बदलली. ख्रिस्ती मुली आहोत असं सांगून ग्राबुवका गावात शेतकऱ्यांकडे कामाला राहिल्या. एकदा एस्थर बागेत काम करत असताना दोन जर्मन सैनिक तिच्याशी बोलू लागले. ज्यूंची यिद्दिश भाषा जर्मनच्या जवळची, त्यामुळे तिला सगळं समजत होतं. पण समजतंय हे चेहऱ्यावर दिसलं असतं तर जीव गेला असता. तेवढ्यात पोळ्यातल्या मधमाश्या उठल्या आणि सैनिक पळत सुटले!

युद्ध संपल्यावर तिचं लग्न झालं, 1949 साली ती अमेरिकेत गेली. कपडे शिवून संसार केला. दोन मुलींना जुन्या गोष्टी सांगायची. पण त्या मुलींनी ते घर पाहिलं नव्हतं, आजी-आजोबा पाहिले नव्हते. नुसतं सांगून किती दिसणार?

1977 साली, वयाच्या पन्नाशीत, तिने कापड आणि सुई-दोरा घेतला. चित्रकला ती कधीच शिकली नव्हती. आपण गोधडीला तुकडे जोडतो तसे तुकडे जोडून, वर भरतकाम करून तिने आधी आपलं घर आणि घरची माणसं उभी केली. मग भावासोबत नदीत पोहतानाचं चित्र. त्यानंतर बरीच वर्षं थांबली आणि पुन्हा हात घातला तो भीतीच्या दिवसांना. एकूण 36 चित्रं झाली. बहुतेक चित्रांखाली काय घडलं ते तिने धाग्यानेच लिहून ठेवलंय.

या चित्रांत फुलं आहेत, पिकं आहेत, रंगीत पोशाख आहेत. एवढ्या दुःखाचं चित्र इतकं देखणं कसं, असं कुणाला वाटेल. मला ते खरं वाटतं. माणसं मारली गेली तेव्हाही शेतं हिरवीच होती.

त्या काळातून वाचलेल्या पन्नास हजारांहून जास्त लोकांच्या साक्षी अमेरिकेतल्या एका संस्थेने कॅमेऱ्यावर नोंदवल्या आहेत. ती माणसं आता थकली, एकेक करून जात आहेत. एस्थर 2001 साली गेली. दोन वर्षांनी तिच्या मुलींनी संस्था काढली आणि ही कापडं ठिकठिकाणी लोकांना दाखवायला सुरुवात केली. मधमाश्यांचं चित्रही त्यांत आहे.