साडेसदतीस अंश

अंडी उबवण्याच्या पेटीवरचा लाल आकडा एकवीस दिवस ३७.५ दाखवत होता. बाविसाव्या दिवशीही पेटीतून चिवचिव ऐकू आली नाही. शेजारच्या वहिनींनी विश्वासाने दिलेली गावठी कोंबडीची अठरा अंडी होती ती. एकेक फोडून पाहिले. चार मुळात फळलेलीच नव्हती. उरलेल्या चौदांत जीव धरला होता आणि वाटेत गेला होता. वहिनी एवढेच म्हणाल्या, "आमच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली असती तर?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पेटी मीच थर्माकोलच्या खोक्यातून तयार केली होती: दोन दिवे, एक छोटा पंखा, पाण्याची वाटी आणि बाजारात मिळणारा तापमान-नियंत्रक, म्हणजे हिरव्या पट्टीवरचे तळहाताएवढे यंत्र. उन्हाळ्यात याच पेटीत एक खेप नीट निघाली होती. श्रावणात काय बिघडले, ते शोधताना मी या यंत्राच्या इतिहासात शिरलो, आणि तो इतिहास फिरून माझ्याच किनाऱ्यावर आला.

आपोआप तापमान राखणाऱ्या पहिल्या ज्ञात यंत्रांपैकी एक अंड्यांसाठीच होते, याचे मला आधी नवल वाटले. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने भट्टीवरची उबवणपेटी बनवली. तिच्यात मद्यार्काने भरलेले भांडे असे. उष्णता वाढली की मद्यार्क फुगे, नळीतला पारा सरके, पाऱ्यावरची काठी हले आणि भट्टीची हवा कोंडली जाई. पेटी निवली की झडप पुन्हा उघडे. त्याआधी हे काम माणसाचे होते. इजिप्तमधल्या मातीच्या उबवणभट्ट्यांत राबणारे लोक अंडे पापणीला लावून उष्णता ओळखत. आणि त्याहीआधी अर्थात वहिनींची कोंबडी.

पुढचा इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात तत्त्व फारसे बदलत नाही. अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३० मध्ये दोन धातूंची पट्टी वापरणारे नियंत्रक मांडले आणि 'थर्मोस्टॅट' हे नावही दिले. अमेरिकेतल्या वॉरन जॉन्सन या प्राध्यापकाने १८८३ मध्ये विजेवर चालणाऱ्या खोलीच्या थर्मोस्टॅटचे पेटंट घेतले. वर्गात गारठा वाढला की भट्टीजवळच्या शिपायाला घंटा ऐकू जावी, अशी ती सोय होती. मायकेल फॅरेडेला १८३३ मध्येच दिसले होते की चांदीचे सल्फाइड तापले की त्याचा विजेला होणारा रोध वाढण्याऐवजी घटतो. जवळजवळ शंभर वर्षे या निरीक्षणाचा बाजारात उपयोग झाला नाही. १९३० मध्ये सॅम्युअल रुबेनने त्या गुणावर आधारित थर्मिस्टर तयार केला. माझ्या पेटीत दिव्यांजवळ लोंबणारा काळा मणी त्याच घराण्यातला.

ड्रेबेलची भट्टी काय नि माझी हिरवी पट्टी काय, यंत्रात तीन कामे असतात: उष्णता जाणणे, ठरवणे आणि चालू-बंद करणे. बिघाड शोधताना आपला पहिला संशय ठरवणाऱ्यावर जातो, कारण ते आपल्याला कळत नाही. मीही तेच केले. वीज कमीजास्त होते म्हणून अडॅप्टर बदलला. मग चालू-बंद करणाऱ्या रिलेवर संशय घेतला. त्याची पाती चिकटली तर दिवे विझतच नाहीत. पण रिले टकटक करून वेळेवर सुटत होता. आकडाही ३७.५ वर स्थिर. सगळे ठीक, फक्त पिल्ले मेलेली!

शेवटी तापाचा थर्मामीटर पेटीत ठेवला. पाऱ्याचा जुना थर्मामीटर या कामी उत्तम, कारण चढलेला पारा झटकल्याशिवाय उतरत नाही, म्हणजे आपल्या पाठीमागे काय घडले तेही तो सांगतो. अर्ध्या तासाने पारा ३९.७ वर होता. कोंबडीच्या अंड्याला सतत दोन अंश जास्त उष्णता म्हणजे मरणच. आता दोन यंत्रे दोन आकडे सांगत होती. खरे कोणाचे?

इथे मला अलिबागची वेधशाळा आठवली. समुद्रकाठी असलेली ही चुंबकीय वेधशाळा आमच्याकडे सर्वांना माहीत आहे, पण ती इथे का आली हे फारसे कोणी सांगत नाही. मुंबईच्या कुलाब्यात ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू झाल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद कुलाब्यात झाली, ती आजही जगभर अभ्यासली जाते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर नेण्याचे ठरले. ट्रामच्या रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह नाजूक सुया हलवणार हे उघड होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस यांनी खाडीपलीकडे सुमारे ३० किलोमीटरवरचे अलिबाग निवडले. म्हणजे वेधशाळा मुंबईच्या कुलाब्यातून कुलाबा जिल्ह्यात आली, तीही कुलाबा किल्ल्याच्या गावाला. (जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ मध्ये.)

चुंबकीय मापनाचा मोठा शत्रू तापमान. चुंबक तापला की थोडा दुबळा होतो. मग सुई हलली ती पृथ्वीमुळे की दुपारच्या उन्हामुळे, हे कळायचे कसे? जुने निरीक्षक चुंबकाजवळचे तापमान वेगळे नोंदवत आणि हिशेबात तेवढी दुरुस्ती करत. अलिबागला याचा बंदोबस्त भिंतींनी केला. नोंदणीची खोली अशी जाडजूड आणि बंदिस्त बांधली की दिवसरात्रीचा फरक आतपर्यंत पोहोचू नये. दगडही इथला घेतला नाही. आपला काळा पाषाण, ज्याचा कुलाबा किल्ला बांधला, त्यात लोहचुंबकी कण असतात. म्हणून चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड आणला. बांधकामात लोखंड वर्ज्य. तापमान राखायला ना पारा, ना रिले, ना वीज. वहिनींना ही खोली पटली असती.

पण मला मूस यांचे सर्वात मोठे काम वाटते ते दुसरेच. अलिबाग १९०४ मध्ये सुरू झाल्यावर त्यांनी कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन जागांतला फरक किती आणि कसा, हे त्यामुळे कळले, आणि १८४६ पासूनची नियमित नोंदमाला न तुटता पुढे जोडता आली. विजेची ट्राम मुंबईत १९०७ मध्ये धावली, तोवर हे काम उरकले होते. १८४६ ते १९०५ च्या नोंदींचा मूस यांचा ग्रंथ १९१० मध्ये निघाला. ही सगळी खटपट कशासाठी, तर एकटे यंत्र स्वतःची चूक स्वतः सांगत नाही म्हणून.

मीही तेच केले, अर्थात पेल्यात. आधी बर्फ चुरून पाण्यात घातला आणि त्यात मणी बुडवला. तिथे शून्य यायला हवे. आकडा उणे ०.३ आला. एवढा फरक चालतो, म्हणून मी जवळजवळ फसलोच. मणी चांगला आहे, थर्मामीटरच म्हातारा झाला, असे ठरवून टाकणार होतो. शेजारून दुसरा थर्मामीटर आणला. तोही ३९.७ म्हणाला. मग यंत्राची वीज काढली, मण्याची तार सोडवली, कोमट पाण्यात मणी आणि थर्मामीटर एकत्र धरले, आणि पाणी साडेसदतीसला असताना मल्टिमीटर लावला. या जातीच्या मण्याचा रोध तिथे सुमारे ५,९०० ओहम हवा. मला ६,४०० दिसले.

या पाचशे ओहममध्ये सगळे कोडे होते. मणी थंड असताना त्याचा रोध जास्त, तापला की कमी. बर्फात तो तीस हजारांवर असतो. तिथे वरचे पाचशे म्हणजे किरकोळ, पाव अंशाची चूक. उबेच्या तापमानाला मात्र दर अंशाला रोध जेमतेम २४० ओहमने बदलतो. तिथे तेच पाचशे दोन अंशांहून जास्त भरतात. जादा रोध म्हणजे यंत्राच्या हिशेबी गारवा. ते बिचारे दिवे आणखी जाळत राहिले. ठरवणारा प्रामाणिक होता. त्याला बातमीच खोटी मिळत होती. आणि जिथे काम करायचे त्या तापमानाला न तपासता मी बर्फात तपासत बसलो होतो.

खोटी बातमी कुठून येते ते शोधायला वेळ लागला नाही. तार आखूड पडली म्हणून मी वैशाखात तिला जोड दिला होता. नुसता पीळ, वर काळी चिकटपट्टी. पट्टी सोलली तर आत हिरवे. पितळेच्या भांड्याला कल्हई नसली की चढतो तो कळंक. पावसाळ्यातली खारी हवा, त्यात पेटीतली वाटीभर पाण्याची वाफ. तांब्याला आणखी काय हवे? किनाऱ्यावरच्या घरांत पंख्याचे रेग्युलेटर, मोटारपंपाचे स्विच आणि फ्रीजची जोडणी अशीच आतून कुजते, आणि आपण दोष व्होल्टेजला देतो.

दुरुस्ती आजीच्या काळच्या कल्हईवाल्याला कळली असती. हिरवी तार दोन बोटे कापली, चकाकते तांबे लागेपर्यंत खरवडले. कल्हईवाला नवसागर वापरे, इथे तो चालत नाही. तो मागे राहून तार खातो. राळ लावून कथिलाचा डाग दिला, त्यावर आकसणारी नळी चढवून दोन्ही टोके नेलपॉलिशने बंद केली. पुन्हा कोमट पाणी, पुन्हा मल्टिमीटर: ५,९२०. रात्रभर पेटी रिकामी चालवली. सकाळी आकडा ३७.५ आणि झटकून ठेवलेला पारा ३७.७.

वहिनींकडे दुसऱ्यांदा अंडी मागायला गेलो तेव्हा त्यांनी बारा मोजून दिली, आणि सहा कोंबडीखाली ठेवली. मूस यांची रीत त्यांना कुणी सांगितली नव्हती. एकविसाव्या दिवशी पेटीतून नऊ पिल्ले निघाली, कोंबडीखालून पाच. थर्मामीटर मी पेटीतून काढलेला नाही.