न दिसणारे मास्तर

(या भागाचं शब्दांकन. बोलताना वापरलेले शब्द शक्यतो तसेच ठेवलेत, 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत.)

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी मिरजेहून मावशीचा फोन आला. "अगं, तू कॉम्प्युटरवाली ना? मग हिला एखादा चांगला ऑनलाइन सर बघून दे की." ही म्हणजे माझी मावसबहीण. नववीत आहे, सेमी इंग्लिशला. सहामाहीत बीजगणितात चाळीसपैकी अकरा मार्क पडलेत.

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. सर्च करायचं, चार रेटिंग बघायची, झालं. पण आपण ज्या क्षेत्रात काम करतो त्यातलं काही काही माहीत असतं ना, तिथेच गोची होते. पाचपैकी चार पूर्णांक नऊ स्टार कसे जमवतात हे मला माहितीये. बरोबर कोणत्या क्षणी 'रेट करा'चा पॉपअप दाखवायचा, यावर मीटिंगा होतात. मी स्वतः अशा मीटिंगांना बसलेय. मग त्या स्टारांवर मी काय डोंबल विश्वास ठेवणार?

आणि मावशीच्या घरी आधीच एक प्रकार होऊन गेला होता, तो तिने फोन ठेवता ठेवता सांगितला. एका कंपनीचा माणूस घरी आला, टॅबवर मुलीची 'टेस्ट' घेतली, मुलीसमोरच म्हणाला की हिचा पाया कच्चा आहे, आत्ता नाही केलंत तर दहावीला पस्तावाल. काकांनी सही केली. ती सही कोर्ससाठी नव्हती, कर्जासाठी होती, हे पहिला हप्ता खात्यातून कापला गेला तेव्हा कळलं. आणि शिकवायला माणूस नव्हताच. होते ते फक्त रेकॉर्ड केलेले व्हिडिओ.

तर आजचा भाग इथून सुरू झाला. ज्या मास्तरांना आपण कधी भेटणार नाही, त्यांच्यावर विश्वास ठेवायचा कसा? मला वाटायचं हा प्रश्न लॉकडाऊनमधला आहे. तो निघाला जवळजवळ तीनशे वर्षांचा.

20 मार्च 1728. अमेरिकेतलं बॉस्टन, तेव्हा ती इंग्रजांची वसाहत. 'बॉस्टन गॅझेट' या वर्तमानपत्रात कॅलेब फिलिप्स नावाच्या शॉर्टहँडच्या शिक्षकाने जाहिरात दिली. मुद्दा साधारण असा: तुम्ही खेडेगावात राहता? हरकत नाही, दर आठवड्याला धडे पाठवतो, बॉस्टनमध्ये राहून शिकणाऱ्यांइतकंच पक्कं शिकाल. टपालाने शिकवणीच्या इतिहासाची सुरुवात बरेच जण इथूनच करतात. जाहिरातीची भाषा बघा. 'घरबसल्या शिका, शहरातल्या मुलांइतकेच हुशार व्हा.' तीनशे वर्षांत कॉपी रायटरने फारसं काही बदललेलं नाही!

पण या जाहिरातीत धडे पाठवण्याची गोष्ट आहे, विद्यार्थ्याने सोडवलेलं परत मागवून तपासण्याची नाही. फिलिप्स तपासत असेलही, जाहिरात त्याबद्दल गप्प आहे.

ती दुसरी बाजू ठळक दिसते इंग्लंडमध्ये, 1840 नंतर. त्या वर्षी तिथे पेनी पोस्ट सुरू झालं, म्हणजे देशात कुठेही पत्र पाठवा, दर एकच, एक पेनी. तेव्हाचा स्वस्त डेटा म्हणा ना. आयझॅक पिटमन, ज्यांच्या नावाची शॉर्टहँड आपल्याकडच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्येही शिकवली गेली, ते ओळखले जातात टपालातून शिकवण्यासाठी. विद्यार्थ्याने बायबलमधला उतारा शॉर्टहँडमध्ये उतरवायचा, टपालात टाकायचा, आणि तो चुका दुरुस्त होऊन परत यायचा. मास्तर दिसत नसत, पण आपली चूक त्यांनी पाहिलीये, हे मात्र कागदावर दिसायचं. ही परत येणारी वही लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता जरा रमायचं आहे ते केंब्रिजमध्ये, कारण 'टॉपर बनवणारा मास्तर' ही चीज तिथे अगदी शुद्ध स्वरूपात सापडते.

एकोणिसाव्या शतकात केंब्रिजला गणिताची ट्रायपॉस नावाची परीक्षा असायची. पहिल्या वर्गात येणारे ते 'रँग्लर', त्यांच्यात पहिला तो 'सीनिअर रँग्लर'. निकाल क्रमाने लागायचा, सिनेट हाउसमध्ये वाचून दाखवला जायचा. ऑनर्सच्या यादीत जो शेवटचा असेल त्याला इतर पोरं भलामोठा लाकडी चमचा द्यायची. म्हणजे ट्रोलिंग तेव्हाही होतं.

गंमत अशी की एवढ्या मोठ्या विद्यापीठात या परीक्षेची खरी तयारी कॉलेजात होत नव्हती. ती व्हायची खाजगी शिकवणीत, आणि शिकवणाऱ्याला म्हणायचे 'कोच'. त्यातलं सगळ्यात मोठं नाव विल्यम हॉपकिन्स. हा माणूस आधी शेती करत होता. इतरांपेक्षा बऱ्याच उशिरा केंब्रिजला दाखल झाला. 1827 साली सातवा रँग्लर आला, म्हणजे स्वतः टॉपर नव्हे. लग्न झालेलं होतं, आणि लग्न झालेल्याला कॉलेजची फेलोशिप मिळत नसे. मग उरलं काय, शिकवण्या. 1849 पर्यंत त्याच्या हाताखालून जवळजवळ दोनशे रँग्लर गेले होते, त्यातले सतरा सीनिअर रँग्लर. लोक त्याला 'सीनिअर रँग्लर बनवणारा' म्हणूनच ओळखायचे. पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून गाजले ते विल्यम थॉमसन त्याचे विद्यार्थी, जेम्स क्लार्क मॅक्सवेलही त्याचाच.

आता तुम्ही पालक आहात, वर्ष 1849 आहे, हातात हा आकडा आहे. सतरा पहिले! लावा शिकवणी, हो की नाही?

थांबा. हॉपकिन्स मुलं निवडून घ्यायचा. वरच्या नंबरात येईल अशी चिन्हं दिसली तरच प्रवेश. जो मुळातच तेज आहे त्याला तो आणखी तेज करायचा, ते नाकारण्यात अर्थ नाही, शिकवायचा उत्तमच. पण त्या सतरातलं त्याचं श्रेय किती आणि निवडीचं किती, हे यादी सांगत नाही. आमच्याकडे कामावर असा डेटा कुणी आणला तर पहिला प्रश्न येतो, जे गाळले ते कुठे आहेत?

हॉपकिन्सनंतर एडवर्ड राउथ. 1854 च्या परीक्षेत हा सीनिअर रँग्लर, आणि दुसरा कोण? मॅक्सवेल! विद्युतचुंबकत्वाची समीकरणं ज्याच्या नावाने आपण इंजिनिअरिंगला रडत रडत पाठ केली, तोच मॅक्सवेल त्या परीक्षेत राउथच्या मागे राहिला. राउथने पुढे सहाशेवर विद्यार्थ्यांना शिकवलं, त्यातले हॉपकिन्सच्या सतराहून जास्त सीनिअर रँग्लर झाले. त्याची पद्धत अगदी यंत्रासारखी. ठरलेला क्रम, ठरलेली टिपणं, दर आठवड्याला प्रश्नपत्रिका, आणि कुणाला किती मार्क ते सगळ्यांना दिसणार. आजच्या टेस्ट सिरीजच्या लीडरबोर्डचे आजोबाच म्हणायचे.

मग ही पद्धत सगळ्यांना मानवायची का? जी. एच. हार्डी, ज्यांनी पुढे रामानुजनना केंब्रिजला बोलावलं, तेही अशाच एका नामांकित कोचकडे होते. त्या रट्ट्याला इतके कंटाळले की गणित सोडून इतिहास घ्यायचा विचार करत होते. ए. ई. एच. लव्ह नावाच्या दुसऱ्या शिक्षकांनी त्यांना एक फ्रेंच पुस्तक वाचायला सांगितलं, आणि गणित म्हणजे खरं काय ते आपल्याला तिथे कळलं, असं हार्डींनी लिहून ठेवलंय. म्हणजे रँग्लर बनवणारा नावाजलेला मास्तर त्यांच्या कामाचा नव्हता. पुढे क्रमवारीची ही पद्धत बंद पाडण्यासाठी झगडणाऱ्यांत हार्डी होते. 1909 नंतर ती बंद झाली.

याच यादीत 1899 साली एका कोकणातल्या मुलाचं नाव आलं. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. पहिले भारतीय सीनिअर रँग्लर, जॉर्ज बर्टविसल यांच्याबरोबर पहिला क्रमांक विभागून. आपल्याकडे 'रँग्लर' ही पदवी डॉक्टरसारखी नावामागे लागली ती तेव्हापासून, रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर.

पण मला रस आहे तो परांजप्यांच्या त्याआधीच्या मास्तरांत. लहानपणी ते मुंबईत आपल्या नात्यातल्या धोंडो केशव कर्वे यांच्याकडे राहून शिकले. हो, तेच महर्षी कर्वे. तेव्हा ते महर्षी वगैरे काही नव्हते, गणित शिकवणारा एक तरुण, शाळांमध्ये तास आणि वर खाजगी शिकवण्या करून मुंबईत घर चालवणारा. हा काळ ते 1891 ला फर्ग्युसनला गणित शिकवायला गेले त्याच्या आधीचा. इथे विश्वासाचा प्रश्नच आला नाही. रेटिंग नको, डेमो नको. मास्तर घरातच होते.

आणि आता ही गोष्ट ऐका. 2004 साल. बॉस्टनमध्येच (हे गाव आपल्या भागात दुसऱ्यांदा आलं) सलमान खान नावाचा एक तरुण गुंतवणुकीच्या धंद्यात नोकरी करत होता. नाही, आपला भाईजान नव्हे. त्याच्या नात्यातली एक मुलगी न्यू ऑर्लिन्सला सहावीत होती. एककांच्या रूपांतरात अडखळली, आणि शाळेने तिला गणिताच्या हळू चालणाऱ्या गटात टाकलं. हा रोज कामानंतर फोनवर शिकवायचा, आणि लिहायला दोघांच्या स्क्रीनवर याहूचं डूडल. मग बाकीची भावंडं आली, सगळ्यांची वेळ जमेना, म्हणून 2006 मध्ये त्याने यूट्यूबवर व्हिडिओ टाकले. भावंडं म्हणाली, प्रत्यक्ष तुझ्यापेक्षा व्हिडिओतला तू बरा. व्हिडिओ थांबवता येतो, आणि पुन्हा विचारायला लाज वाटत नाही. त्यातून खान अकॅडमी उभी राहिली.

याच सुमारास उलटी वाहतूकही सुरू झाली होती. 2005 मध्ये बंगळूरला के. गणेश यांनी ट्यूटरव्हिस्टा काढली. महिन्याला शंभरेक डॉलरमध्ये अमेरिकन मुलांना हवी तितकी शिकवणी. तिथे शाळा सुटायची तेव्हा इथे पहाट. भल्या पहाटे हेडफोन लावून बसलेले आपले शिक्षक तिथल्या मुलांचा होमवर्क सोडवून घ्यायचे. 2011 मध्ये पिअर्सनने त्यातला मोठा हिस्सा विकत घेतला.

कर्वे आणि खान, दोघांच्या गोष्टीत नातं आधी आलं, शिकवणी नंतर. ज्याच्या घरात असं कुणी नाही त्याने काय करायचं? मिरजेत मावशी-काकांना बीजगणित येत नाही. मला येतं, पण माझी संध्याकाळ ऑफिसच्या कॉलमध्ये जाते. मी दोन दिवस शिकवून पाहिलं, तिसऱ्या दिवशी चिडले. मला गणित येतं, शिकवता येत नाही.

सरकारलाही या बाजाराची दखल घ्यावी लागलीये. डिसेंबर 2021 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने सूचना काढली: खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी देऊ नका, माहीत नसलेल्या कर्जावर सही करू नका, यशोगाथांवर पडताळल्याशिवाय विश्वास ठेवू नका. आमच्या काकांपर्यंत ती पोचली नव्हती. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली. टॉपरचा फोटो छापायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने कुठला कोर्स केला, किती काळ, पैसे भरून की फुकट, हेही लिहायचं. कारण मुलगा वर्षभर स्वतः अभ्यास करतो, शेवटी एखाद्या ठिकाणी मुलाखतीची दोन दिवस तयारी करतो, आणि फोटो त्यांच्या बोर्डावर झळकतो. हॉपकिन्सची यादी आठवली ना? निदान त्याने मुलांना खरंच शिकवलं तरी होतं.

तर मग मी काय केलं? पिटमनची वही आठवली. मावसबहिणीला म्हटलं, तुझ्या सहामाहीच्या पेपरातलं सगळ्यात जास्त चुकलेलं पान शोध आणि फोटो पाठव. तो फोटो मी पाच जणांना पाठवला, तिघं ओळखीतून मिळालेले, दोघं ऑनलाइन. मेसेज एकच: 'हिचं नेमकं काय चुकतंय ते सांगाल का? या वेळेची फी देते.'

दोघांनी कोर्सचं माहितीपत्रक पाठवलं. एकाने त्या पानावरची सगळी गणितं स्वच्छ अक्षरात सोडवून पाठवली, सुंदर, पण ते तर गाईडमध्येही असतं. चौथ्यांचं उत्तरच आलं नाही. पाचव्या एक बाई आहेत, चिपळूणच्या. आधी शाळेत शिकवायच्या, आता घरून शिकवतात. फोन स्टँडला उलटा टांगून वही दाखवतात. त्यांनी एकही गणित सोडवलं नाही. फोटोवर लाल रंगात चार ठिकाणी गोल केला आणि लिहिलं, "हिला बीजगणित येतंय. कंसाबाहेर वजा असलं की आतली चिन्हं बदलायला विसरते. चारही चुका तीच आहे. सातवीचं पुस्तक घेऊन बसवा, मी पंधरा दिवस तेवढंच घेते. नंतर तुम्हाला वाटलं तर पुढे."

फी दर तासाची, तास झाल्यावर. मावशीने पहिल्या दिवशी शेजारी खुर्ची टाकून पूर्ण तास ऐकला, बाईंनीच तसं सांगितलं होतं.

त्या कर्जाच्या हप्त्यांचं अजून भांडण चालू आहे. बँकेत अर्ज दिलाय, ग्राहक तक्रारीच्या 1915 या हेल्पलाइनवरही नोंद केलीये. काही झालं तर पुढच्या भागात सांगेन.

काल रात्री मावसबहिणीचा मेसेज आला. वहीच्या पानाचा फोटो, लाल गोल दोनच. खाली लिहिलं होतं, "ताई, यातला एक बाईंनी चुकून केलाय. मी त्यांना दाखवलं, त्यांनी सॉरी म्हटलं."